परड्यात कुणाच्या शेजारी काय लावावं? (बेळगाव-खानापूर-चिकोडीकडचे अनुभव हवेत)

अनगोळचं_परडं
मंडळी, नमस्कार. घरामागं पाऊण गुंठा परडं आहे. तांबडी माती, हातभर खणलं की जांभा लागतो. आजवर तिथं अळू, कढीपत्ता, दोन-चार मिरच्या एवढंच होतं. यंदा जरा आखून भाजी करायची आहे. मृग लागायला अजून पंधरवडा आहे, तोवर वाफे घालून होतील.

भाचीनं एक तक्ता पाठवलाय. कुठल्या भाजीचा मित्र कोण, शत्रू कोण. टोमॅटोशेजारी तुळस लावा, गाजराशेजारी कांदा लावा, घेवड्याच्या आसपास लसूण नको, आणि झेंडू म्हणे सगळ्यांशीच गोड. खाली नॅस्टर्शियम, बोरेज अशी नावं. शनिवार खुटावर बोरेज मागायला गेलो तर भाजीवाल्या मावशी मला बोरं देतील.

तर दोन प्रश्न. यातलं खरं किती? आणि आपल्या पावसात, आपल्या मातीत काय चालतं? माझी यादी: टोमॅटो, वांगी, मिरची, कोबी, भेंडी, चवळी, काकडी, भोपळा.

शंकासुर
खरं काहीच नाही. ऊन, पाणी, शेणखत. बाकी सगळा तक्त्यांचा बाजार.

येळ्ळूरची_सून
शंकासुर, असं कसं म्हणता हो? आमच्या सासरी जोंधळ्याच्या पेरणीत तुरीचे, मटकीचे पाटे असायचेच. कडेनं अंबाडी. शाळूच्या रानाला चहूबाजूंनी करडई, कारण तिचे काटे लागले की जनावर आत तोंड घालत नाही. सासूबाईंना कुणी तक्ता पाठवला नव्हता. भात निघालं की त्याच ओलीवर मसूर, वाटाणा पेरायचा हीसुद्धा एका परीनं सोबतच, फक्त एकामागून एक.

शंकासुर
ते शेत झालं ताई. एक पीक गेलं तर दुसरं हाती लागावं म्हणून केलेली सोय. झेंडू लावला की कीड पळते, हे वेगळं. मी टोमॅटोच्या वाफ्याभोवती झेंडू लावला होता. झेंडू छान फुलला, टोमॅटोतल्या अळ्याही छान वाढल्या.

पुण्यात_बेळगावकर
अळ्यांना फुलं आवडली असतील. हवापालट म्हणून आल्या असतील.

जांबोटी_घाट
आमच्याकडं एकच प्रश्न आहे. माकडांशेजारी काय लावावं?

निपाणीकर
@जांबोटी_घाट कुत्रं लावा.

मूळ विषयावर एक सांगतो, तक्त्यात नसेल. तंबाखू मळलेल्या हातानं टोमॅटोच्या, मिरचीच्या रोपांना हात लावू नका. मोझॅकचा विषाणू तंबाखूतून हाताला लागतो आणि हातावरून रोपात जातो. पानं पिवळी-हिरवी चट्ट्यापट्ट्यांची दिसायला लागतात, मग औषध नाही, उपटायचं. आमच्या भागात तंबाखूचं रान, वखारी, विड्या, सगळं घरातच. रोपं लावायच्या दिवशी आई सगळ्यांना साबणानं हात धुवायला लावते, चुना-तंबाखू बंद. आमच्या वडलांना तेवढा एक दिवस उपास घडतो.

आणि तंबाखू, टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा ही सगळी एकाच घराण्यातली. एकाला झालं की भावकीत पसरतं.

कृषी_धारवाड
शंकासुर आणि येळ्ळूरच्या ताई, दोघंही अर्धे अर्धे बरोबर आहात. मी धारवाडला शिकलो, आता भाजीपाल्यातच काम करतो. थोडं सविस्तर लिहितो.

झेंडूची दोन कामं आहेत आणि लोक ती एकत्र कालवतात.

पहिलं काम फुलाचं. टोमॅटोच्या फळात शिरते ती हिरवी अळी, हेलिकोव्हर्पा. तिची मादी अंडी घालायला झेंडूच्या कळ्या-फुलांवर आवडीनं जाते. म्हणजे झेंडू कीड पळवत नाही, उलट बोलावतो आणि स्वतःकडे ठेवून घेतो. याला सापळा पीक म्हणतात. बेंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेनं (हेसरघट्टा) यावर काम करून शिफारस दिली: टोमॅटोच्या 16 ओळींमागे उंच आफ्रिकन झेंडूची 1 ओळ. पण त्यातली मेख वयात आहे. लावणीच्या दिवशी झेंडूचं रोप 40 ते 45 दिवसांचं हवं आणि टोमॅटोचं 25 दिवसांचं. तसं केलं तरच टोमॅटो फुलावर येईल तेव्हा झेंडूही फुलावर असेल. दोन्ही रोपं एकाच वयाची, एकाच दिवशी आणून लावली की टोमॅटो पुढं जातो, झेंडू मागं राहतो आणि मादी टोमॅटोवरच उतरते. शंकासुर, तुमचा झेंडू बहुधा टोमॅटोच्या नंतर फुलला असणार.

दुसरं काम मुळाचं. सूत्रकृमी, म्हणजे मुळावर गाठी करणारे जंतू. भेंडी, टोमॅटो, वांगी उपटल्यावर मुळं गाठाळलेली दिसतात ना, तेच. झेंडूच्या मुळांत त्यांना मारणारं द्रव्य असतं. पण कडेला चार झाडं लावून उपयोग नाही. अख्ख्या वाफ्यात दाट झेंडू, निदान दोन महिने, आणि तोही भाजीच्या आधी. या कामाला बुटका फ्रेंच झेंडू जास्त चांगला.

शंकासुर
नर्सरीवाल्यानं दोन्ही ट्रे एकाच दिवशी दिले होते हे खरं. पण मग तक्त्यात 'टोमॅटो + झेंडू' एवढंच लिहून काय मिळतं? वय लिहायला नको?

कृषी_धारवाड
तेच तर म्हणतोय. तक्त्यात नावं असतात, तारखा नसतात.

गच्चीबाग
तुळस-टोमॅटोबद्दल सांगा ना कुणी. माझ्या गच्चीवर एकाच मोठ्या कुंडीत दोन्ही आहेत. चव वाढते म्हणतात.

येळ्ळूरची_सून
तुळस वृंदावनात, टोमॅटो कुंडीत. एकत्र लावलं तर टोमॅटो तोडायच्या आधी नमस्कार करावा लागेल.

कृषी_धारवाड
चवीचं मी तरी मानत नाही. उग्र वासाच्या झाडांनी काही किडींचा गोंधळ उडतो, एवढं खरं. पण तक्त्यातली तुळस म्हणजे बेझिल, ती आपल्या सब्ज्याच्या जातीची. एकाच कुंडीत मात्र नको, दोन्ही तहानलेली असतात.

आणि @अनगोळचं_परडं, गाजर-कांदा विसरा. ती जोडी गाजराच्या एका माशीसाठी आहे, आणि ती माशी थंड देशातली. आपल्याकडं तिचा त्रासच नाही तर तिला हुसकायचं कशाला?

चिकोडी_ऊस
आमच्याकडं सोबतीचं पीक म्हणजे ऊसात. ऊस लावला की पयले तीन-चार म्हैने सरी मोकळीच की. कुणी कांदा घालतंय, कुणी कोबी, हरभरा, भुईमूग, कडंला मका. ऊस डोक्याच्या वर जायच्या आत ते पीक निघालं पायजे, येवडा एकच नियम. लागणीचा खर्च त्यातनं सुटतोय. तुमी परड्यात बी तेच करा बगा. वांग्याचं झाड पसरायला दोन म्हैने घेतंय. तवर मधल्या जागेत मेथी, कोथमीर, मुळा टाकलासा तर वांगं हात-पाय पसरूस्तवर भाजी खाऊन मोकळं.

अनगोळचं_परडं
@चिकोडी_ऊस हे पटलं. दोन वांग्यांत अंतर किती ठेवू?

चिकोडी_ऊस
दोन फूट तर पायजेच. अडीच ठेवलासा तर अजून बरं. आमची मंडळी दीड फुटावर लावत्यात आणि मग म्हणत्यात कीड पडली. हवाच न्हाई आत, कीड न्हाई तर काय पडणार, पाऊस?

कडोलीकर
कोबीबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो, आमच्या पट्ट्यात कोबी-बटाटा भरपूर. कोबीवर छोट्या हिरव्या अळ्या येतात, पानाची चाळण करतात, हात लावला की धाग्याला लोंबकळतात. चौकोनी ठिपक्यांचा पतंग म्हणतात त्याच्या त्या अळ्या. त्याला मोहरी लावतात. कोबीच्या 25 ओळींमागं मोहरीच्या दोन ओळी. एक ओळ कोबी लावायच्या 15 दिवस आधी पेरायची, दुसरी कोबी लावल्यावर 25 दिवसांनी, कारण पहिली तोवर जून होते. पतंगाला कोबीपेक्षा मोहरी प्यारी.

पण मोहरी पेरून विसरलात तर तीच अळ्यांचं पाळणाघर होते. मोठ्या रानात मोहरीवर तेवढी फवारणी करतात. परड्यात फवारू नका, दर दोन-तीन दिवसांनी मोहरीची खाल्लेली पानं, अळ्या काढून साबणाच्या पाण्यात टाका.

शंकासुर
म्हणजे कोबी वाचवायला मोहरीची सेवा करायची.

कडोलीकर
वीस कोबी उलटेपालटे करून बघण्यापेक्षा एक ओळ मोहरी बघणं सोपं की हो.

पुण्यात_बेळगावकर
मका-घेवडा-भोपळा या तीन बहिणींचं कुणी केलंय का? मक्यावर घेवडा चढतो, खाली भोपळा पसरतो, तण येत नाही. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची पद्धत.

जांबोटी_घाट
केलंय. आमच्याकडं नाचण्याच्या शेतात काकडीचे वेल सोडायची जुनी रीत आहे, म्हणून म्हटलं हेही करून बघू. तरण्या पावसात मका आडवा झाला, घेवडा मक्यासकट आडवा, आणि भोपळा दोघांच्या अंगावर. वरनं पान कुजलं. आमच्या कणकुंबी-जांबोटीच्या पावसाला ही मोडणी चालत नाही. वेलाला मांडवच हवा. बेळगाव शहरात पाऊस त्या मानानं बेताचा, तिथं जमेल कदाचित. तरी मक्याला भर लावा आणि घेवडा मका गुडघाभर झाल्यावरच टोका, आधी टोकलात तर तो मक्याला दाबतो.

निपाणीकर
आणि भोपळा एकदा सुटला की शेजारच्या परड्यात जातो. मग फळ कुणाचं? आमच्या घरी गेली कित्येक वर्षं हा सीमाप्रश्न चालू आहे. मूळ आमच्याकडं, फळं तिकडं, आणि पंचायतीत दोघंही बोलायला तयार.

येळ्ळूरची_सून
त्यावर एकच तोडगा, भोपळ्याची भाजी करून अर्धी तिकडं पाठवायची.

संचालक
सीमाप्रश्न भोपळ्यापुरताच ठेवावा ही विनंती. :)

गच्चीबाग
चवळी लावली की शेजारच्या भाजीला नत्र मिळतो, हे खरं ना? मी टोमॅटोच्या कुंडीत चवळी लावलीये त्यासाठी.

कृषी_धारवाड
अर्धवट खरं. चवळीच्या मुळावरच्या गाठींतले जीवाणू हवेतला नत्र धरतात, पण तो चवळी आधी स्वतःच वापरते, शेंगा भरायला. जिवंतपणी शेजाऱ्याला फार थोडा जातो. खरा फायदा चवळी संपल्यावर. शेंगा तोडून झाल्या की झाड उपटू नका, जमिनीलगत कापा. मुळं आत कुजू द्या, पाला त्याच वाफ्यात आच्छादन म्हणून टाका. पुढच्या पिकाला ते मिळतं.

चवळीचा दुसरा उपयोग मला जास्त मोलाचा वाटतो. तिच्यावर काळा मावा येतो. लोक घाबरून लगेच फवारतात. जरा थांबा. माव्यामागून ढालकिडे येतात, ते लाल पाठीवर काळे ठिपके असलेले, आणि त्यांच्या अळ्या तर मोठ्यांहून खादाड. चवळीवर त्यांची फौज तयार झाली की ती शेजारच्या मिरची-वांग्यावरही जाते. चवळीवरचा मावा मिरचीवर सहसा बस्तान बसवत नाही, म्हणून ही जोडी चालते.

शंकासुर
आणि ढालकिडे आलेच नाहीत तर?

कृषी_धारवाड
तर चवळीचे शेंडे खुडून टाका. दोन कोथिंबिरीची, एक शेपूची जुडी फुलावर जाऊ द्या. त्या छत्रीसारख्या फुलांवर मित्रकिडे मधासाठी येतात. आपण कोथिंबीर फुलायच्या आत उपटतो, तिथंच चुकतं.

येळ्ळूरची_सून
आमच्या घरी कोथिंबीर फुलू दिली तर सासूबाई मला फुलू देणार नाहीत. पण धणे होतील असं सांगून बघते.

निपाणीकर
मिरचीच्या बोकड्यावर काही आहे का? पानं वाटीसारखी वळतात, झाड खुजं राहतं. बियाणं संकेश्वरी, घरचंच आहे, ते सोडवत नाही.

कडोलीकर
फुलकिडे आणि कोळी, दोघांमुळे होतो, विषाणूनंही होतो. कडेनं मक्याच्या दोन दाट ओळी, मिरची लावायच्या आधी पेरलेल्या. वाऱ्यावर येणारी बारीक कीड तिथं अडते. सगळी अडत नाही. पण मका पूर्वेला-दक्षिणेला लावून सावली पाडू नका. आपल्याकडं पावसाळी वारा पश्चिमेचा, तेव्हा पश्चिमेला आणि उत्तरेला मका. वारंही अडतं.

जांबोटी_घाट
मका म्हटलं की माकडं आली. मी पुन्हा माझ्या मूळ प्रश्नावर येतो.

पुण्यात_बेळगावकर
@जांबोटी_घाट माकडांना सापळा पीक म्हणून शेजाऱ्याचं केळीचं बेट.

जांबोटी_घाट
हसा हसा. हळद-आलं तेवढं माकडं सोडतात. आंब्याच्या सावलीत दोन्ही होतात, वर कढीपत्ता. आमचं परडं आता त्यावरच आहे. रानडुकरं आली तर मात्र तेही जातं.

अनगोळचं_परडं
सगळ्यांचे आभार. वाचून असं आखलंय, कुठं चुकतंय सांगा.

मृगाला: भेंडी, चवळी, काकडी, वांगी, मिरची, टोमॅटो, सगळंच लावतो. भेंडीच्या दोन ओळींत चवळीची एक. वांग्यात कोथिंबीर-मेथी. मिरचीच्या पश्चिमेला मका. भोपळा कुंपणावर, शेजारी चांगले आहेत. कोबी गणपतीनंतर.

कृषी_धारवाड
छान आहे, दोन बदल सुचवतो.

टोमॅटो मृगाला नको. आपल्या जुलैच्या पावसात करप्यानं जातो. तो पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबरच्या शेवटी किंवा ऑक्टोबरात. आणि ज्या वाफ्यात टोमॅटो करणार, त्यात आत्ता मृगाला झेंडू दाट लावा. वाफा उंच करा, पाणी तुंबलं तर झेंडूच कुजेल. पावसाळाभर मुळांचं काम होईल, दसऱ्याला फुलं घरची. मग तो काढून टोमॅटो. आणि सापळ्यासाठी वेगळा, उंच झेंडू: टोमॅटोचं बी टाकायच्या 15 ते 20 दिवस आधी त्याचं बी टाका. जुन्या झेंडूवर विसंबू नका, तोवर तो संपलेला असतो.

दुसरं, वांगी आणि मिरची यांच्या मध्ये भेंडी-चवळीचा पट्टा घाला. आणि टोमॅटोचा वाफा त्या दोघांपासून लांबच्या कोपऱ्यात. निपाणीकरांनी भावकीचं सांगितलंच आहे. पुढच्या वर्षी तिघांच्या जागी शेंगवर्गीय किंवा पालेभाज्या.

वांग्याच्या शेंडेअळीवर मात्र शेजारी काहीही लावून भागत नाही. वाळलेला शेंडा दिसला की अळीसकट कापून नष्ट करायचा, आठवड्याला एक फेरी. कामगंध सापळा (मादीच्या वासानं नर पतंगांना ओढून पकडणारा) टांगला तर बरं.

शंकासुर
बरं, मी मागं घेत नाही काही, पण वयाचं ते गणित करून यंदा पुन्हा झेंडू लावतो. अळी आली तर इथंच येऊन लिहीन.

पुण्यात_बेळगावकर
नाही आली तरी लिहा. तेव्हा कुणी लिहीत नाही.

चिकोडी_ऊस
तांबड्या रानाला शेणखत जरा जास्त घाला. आमची काळी माती चूक पोटात घालती, तुमची न्हाई घालत. पाणी तर धरतच न्हाई. ऊसाचं पाचट पायजे असंल तर सांगा, आच्छादनाला पोतं भरून देतो, चिकोडीला आलासा की घेऊन जावा.

अनगोळचं_परडं
पाचटासाठी नक्की येतो. उंच झेंडूची रोपं जवळपास कुठं मिळतील? का बीच आणू? आणि कोबीसाठी मोहरी किराणा दुकानातली चालेल का?

कडोलीकर
बी आणा, रोपवाटिकेत वय सांगत नाहीत. मोहरी किराणातली चालते. आधी चिमूटभर ओल्या फडक्यात बांधून ठेवा, दोन-तीन दिवसांत मोड आले तर पेरा.

येळ्ळूरची_सून
आणि नाहीच आले मोड, तर उरलेली फोडणीला.